न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला

जुन्नरहून माळशेज घाटाकडे निघालात की वाटेत मढ नावाचे गाव लागते. समजा, तिथल्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन सरकारने रस्त्यासाठी घेतली. तो सात-बाराचा उतारा घेऊन कचेरीत जातो आणि विचारतो की, ही जमीन म्हणजे माझा हक्क नाही काय? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर देताना आपल्या देशातील मोठमोठ्या न्यायाधीशांमध्येही मतभेद झाले. त्यांपैकी एका न्यायाधीशाची ही गोष्ट आहे.

मोहम्मद हिदायतुल्ला यांचा जन्म 17 डिसेंबर 1905 रोजी लखनौ येथे झाला. वडील सरकारी अधिकारी होते आणि उर्दूत शायरी करत. हिदायतुल्लांचे शालेय शिक्षण रायपूरला झाले. पुढे ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे शिकून ते बॅरिस्टर झाले आणि 1930 साली नागपूरला परतून वकिली करू लागले. कोर्टाच्या कामाबरोबर ते तिथल्या विधी महाविद्यालयात शिकवतही असत.

हक्क, कायदा, वकील, दावा हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. नागपूरच्या कोर्टात ते रोजच कानावर पडत असतील!

1946 साली ते नागपूरच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1954 साली ते तेथील मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. 1958 साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता त्या जमिनीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या राज्यघटनेने सुरुवातीला मालमत्तेचा हक्क मूलभूत मानला होता. पण मोठ्या जमीनदारांची जादा जमीन काढून घेण्यासाठी राज्यांनी कायदे केले, तेव्हा हा हक्क आड येऊ लागला. म्हणून संसदेने घटनाच दुरुस्त केली. यातून नवा प्रश्न उभा राहिला. संसद आज मालमत्तेचा हक्क कमी करते. उद्या बोलण्याचा किंवा धर्म पाळण्याचा हक्कही तिने काढून घेतला तर?

1964 साली सज्जनसिंग खटल्यात हा प्रश्न पाच न्यायाधीशांपुढे आला. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे गजेंद्रगडकर. संसदेला असा अधिकार आहे, असे बहुमत पडले. हिदायतुल्ला आणि मुधोळकर या दोघांनी मात्र आपल्या मनातील शंका स्वतंत्रपणे लिहून ठेवल्या. दोघेही पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे 1967 साली पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाचा खटला आला. त्यांच्याकडे सुमारे पाचशे एकर जमीन होती. या वेळी अकरा न्यायाधीश बसले. सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला की, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. हिदायतुल्ला त्या सहांमध्ये होते. पण त्यांचे निकालपत्र वेगळे होते. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घालणे हीच मुळात चूक होती, असे त्यांनी लिहिले. म्हणजे ते जमीनदारांच्या बाजूने नव्हते. त्यांना काळजी होती ती इतर हक्कांची.

1968 साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. या पदावर बसणारे ते पहिले मुस्लिम न्यायाधीश होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी यांनी निवडणुकीसाठी राजीनामा दिला. त्यामुळे हिदायतुल्लांनी 20 जुलै ते 24 ऑगस्ट 1969 या काळात राष्ट्रपतिपदाचे काम पाहिले. चौदा बँका सरकारी मालकीच्या करणाऱ्या कायद्यावर त्यांचीच सही आहे. तो कायदा नंतर सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा ते त्या खंडपीठावर बसले नाहीत.

ख्वाजा अहमद अब्बास यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी चार शहरांतील श्रीमंती आणि गरिबी दाखवणारा एक लघुपट काढला. तो फक्त प्रौढांसाठी आहे, असे सेन्सॉरने ठरवले. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1970 साली हिदायतुल्लांनी निकाल दिला. सेन्सॉर असावे, हे त्यांनी मान्य केले. पण काय दाखवावे आणि काय कापावे याचे नियम स्पष्ट हवेत, असे बजावले. अब्बासांना हा निकाल अर्धाच गोड लागला असेल.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते निवृत्त झाले. 1973 साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी गोलकनाथचा निकाल बदलला. संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते. मात्र घटनेची मूळ चौकट तिला मोडता येणार नाही, असे ठरले. 1978 सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला. हिदायतुल्लांनी दाखवलेली चूक अकरा वर्षांनी दुरुस्त झाली.

ते 1979 ते 1984 या काळात उपराष्ट्रपती होते. ही निवड बिनविरोध झाली होती. 18 सप्टेंबर 1992 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आणि मढचा तो शेतकरी? त्याची जमीन आजही कायद्याच्या आधाराशिवाय कोणी घेऊ शकत नाही. तसे घटनेतच लिहिले आहे. फक्त मूलभूत हक्कांच्या यादीत ते नाही.