संत फ्रान्सिस झेवियर यांच्या गळ्यातील ठेवा



जो मनुष्य कायमचा परदेशी जावयास निघतो, त्याच्या गाठोड्यात उपयोगाच्या जिनसांबरोबर एखादी अशी वस्तू असते की, जिचे मोल त्याच्यावाचून कोणास कळत नाही. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत युरोपातील लक्षावधी गोरगरीब आगबोटीने अमेरिकेस गेले. कोणी जपमाळ नेली, कोणी प्रार्थनेचे पुस्तक, कोणी आईबापांची तसबीर. न्यूयॉर्कनजीकच्या एलिस बेटावर १८९२ पासून १९५४ पर्यंत हे लोक उतरत असत. तेथील संग्रहालयात असल्या वस्तू आज जतन करून ठेविल्या आहेत.

आगबोटी निघण्यापूर्वी तीन शतके, शिडाच्या गलबतातून एक थोर प्रवासी आपल्या देशी आला. अमरावतीचे महामंदिर ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर होत. त्यांनीही असाच एक ठेवा जवळ बाळगिला होता. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी त्याची कथा सांगावी, असे मनात आहे.

संत फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवारा प्रांतातील झेवियरच्या गढीत झाला. घराणे सरदाराचे, परंतु लढायांच्या धामधुमीत त्याचे वैभव ओसरले. १५२५ साली ते विद्याभ्यासासाठी पॅरिसला गेले. तेथे पीटर फाबर व पुढे इग्नेशियस लोयोला हे त्यांच्याच खोलीत राहावयास आले. मोठेपणाची हाव धरणाऱ्या या तरुणाचे मन इग्नेशियस यांनी मोठ्या चिकाटीने देवाकडे वळविले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी मोंमार्त्र टेकडीवर व्रते घेतली, आणि त्यातूनच येशूसंघाचा उदय झाला.

हिंदुस्थानास जावयाची आज्ञा वास्तविक दुसऱ्या एका सोबत्यास झाली होती. तो आजारी पडला, म्हणून मार्च १५४० मध्ये फ्रान्सिस यांना निघावे लागले. तयारीस एक दिवस मिळाला. लिस्बन बंदरी राजाच्या अधिकाऱ्याने, प्रवासात एक चाकर तरी घ्यावा, असा आग्रह धरिला. स्वतःचे कपडे धुण्यात व स्वतःची हंडी ढवळण्यात कमीपणा नाही, असे सांगून त्यांनी तो नाकारिला. काही पुस्तके व थंडीसाठी एक जाडाभरडा झगा, एवढेच त्यांनी स्वीकारिले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते गलबतावर चढले. वाटेत मोझांबिकला हिवाळा काढावा लागला, रोगराई झाली; त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, ते गोव्यास पोहोचले.

पुढील दहा वर्षांत त्यांनी गोवा, वसई, दक्षिणेचा मासेमारांचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे व जपान असा संचार केला. युरोपातील पत्र हाती पडावयास कित्येक महिने, कधी वर्षही लागे. पत्र आले म्हणजे ते पुनःपुन्हा वाचीत. १५४६ साली अंबोयना बेटावरून त्यांनी रोमच्या बांधवांस कळविले की, तुम्ही स्वहस्ते लिहिलेली तुमची नावे मी पत्रांतून कापून घेतली असून, माझ्या व्रताच्या कागदासह ती नित्य जवळ बाळगीत आहे. इग्नेशियस यांनी एका पत्राअखेर आपण त्यांना कदापि विसरणार नाही, असे लिहिले, तेव्हा ते शब्द वाचताना त्यांचे डोळे भरून आले. हेही त्यांनी उत्तरी नमूद केले.

ज्याने चाकर नाकारिला, त्याने कागदाचे चिटोरे का जपावे? कारण दारिद्र्याचे व्रत मायेचा त्याग करावयास सांगत नाही. त्यांनी मालमत्ता टाकिली, माणसे टाकिली नाहीत.

चीन देशी जावयाच्या उत्कंठेने ते शांगच्वान बेटावर थांबले असता, ज्वराने ३ डिसेंबर १५५२ रोजी देवाघरी गेले. अंतकाळी अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती जवळ होता. त्यांच्या गळ्यात एक लहानशी डबी होती. तीत इग्नेशियस यांची सही, व्रताचा कागद व संत थोमा यांचा अवशेष होता, असे चरित्रकार सांगतात. इकडे २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी त्यांना युरोपास परत बोलाविणारे पत्र लिहिले. ते ज्याच्यासाठी लिहिले, तो सहा महिन्यांपूर्वीच गेला होता. समुद्रापलीकडे वार्ता पोहोचली नव्हती.

१२ मार्च १६२२ रोजी या दोघा मित्रांना एकाच दिवशी संतपद देण्यात आले. फ्रान्सिस यांचा देह गोव्यात बॉम जेझू मंदिरात आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज दुसऱ्या मुलखातून वऱ्हाडात आले. घरच्या पेटीत त्यांची जपमाळ, एखादे जुने पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये. आज आपली मुले पोटासाठी दूर जात आहेत. त्यांना आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात व खाली नाव घालावे. परक्या ठिकाणी त्या अक्षरांचा केवढा आधार असतो, हे आपल्या आश्रयदात्या संतांनी गळ्यात बाळगून दाखविले आहे. त्यांची मध्यस्थी आपल्या घराघरांस लाभो.