रकान्यांना शिस्त लावणारा वैमानिक

कोडमधून टेबलमध्ये रेकॉर्ड टाकताना ‘डेटा टाइप मिसमॅच’ची एरर तुम्ही पाहिलीच असेल. वयाच्या रकान्यात ‘वीस’ असा शब्द पाठवला, की डेटाबेस दार लावून घेतो. सबमिशन तोंडावर असताना डोकं फिरतं, खरंय. पण त्या दारावर पहारेकरी का हवा, हे ज्यांनी गणितातून मांडलं, त्यांची ओळख करून घ्या. एडगर कॉड. परीक्षेत तुम्ही ‘बॉईस-कॉड नॉर्मल फॉर्म’ लिहिता ना, त्यातलेच कॉड.

जन्म १९२३चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमानं उडवली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रॅमर झाले. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट हुडकायचा सपाटा लावला, तेव्हा वैतागून १९५३ मध्ये सरळ कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी ओलांडल्यावर मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली. उशीर झाला असं वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवा!

त्या काळी माहिती शोधायची तर ती मशीनमध्ये कुठल्या वाटेनं ठेवलीय, हे प्रोग्रॅमला माहीत असावं लागे. रचना बदलली की प्रोग्रॅम कोसळे. १९७० मध्ये कॉड यांनी एका शोधनिबंधात साधा उपाय सुचवला: माहिती टेबलांत मांडा. प्रत्येक रकान्याचं एक ‘डोमेन’ असेल, म्हणजे त्यात कुठल्या किमती चालतील याचा ठरलेला संच. आपला डेटा टाइप हे त्याचंच ढोबळ रूप.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. मोबाइल नंबरसाठी तुम्ही ‘इंट’ निवडता. नेहमीच्या ३२ बिटच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आपले दहा आकडी नंबर ६ ते ९ने सुरू होतात, म्हणजे एकही बसणार नाही. मुळात नंबरांची बेरीज कोण करतं? ते दिसायला आकडे, पण अर्थानं मजकूर. तसंच ‘नल’चं. किंमत माहीतच नाही, हे सांगायला कॉड यांनी ‘नल’ आणला. अवतरणात ‘नल’ लिहून पाठवलंत तर तो नुसता शब्द होतो. आणि किमती जोडून क्वेरीची स्ट्रिंग बनवू नका. पॅरामीटरनं, योग्य टाइप करून पाठवा. तारखांचे निम्मे घोळ तिथेच मिटतील.

कॉड यांची कल्पना त्यांच्याच कंपनीनं लगेच उचलली नाही. जुना डेटाबेस चांगला खपत होता, मग घाई कशाला? १९७९ मध्ये दुसऱ्याच कंपनीनं, आज जिला आपण ओरॅकल म्हणतो तिनं, एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस बाजारात आणला. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे जुन्याच मालावर ‘रिलेशनल’ची चिठ्ठी डकवली जाऊ लागली, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी बारा नियम जाहीर करून सगळ्यांनाच परीक्षेला बसवलं. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

काही डेटाबेस चुकीची किंमत गुपचूप बदलून आत घेतात. एरर येत नाही, पण सहा महिन्यांनी कुणाचा तरी निकाल किंवा पगार चुकतो. त्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा डेटाबेस बरा. म्हणून टेबल बनवण्याआधी प्रत्येक रकान्याला विचारा, बाबा, तुझा अर्थ काय? टाइप त्यानंतर ठरवा.