डॉक्टर विल्यम केरी ह्यांची शंका

मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली छापून प्रसिद्ध करणारे डॉक्टर विल्यम केरी हे पूर्वाश्रमी जोडे शिवीत असत, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु आपण मिळालेल्या मानास पात्र नाही, ही शंका अशा विद्वानासही छळीत असे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात झाला. वडील आरंभी विणकर, पुढे गावचे शाळामास्तर. मुलगा जोड्यांच्या धंद्यात पडला आणि तो करता करताच लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा शिकला. १७८५ साली ऑल्नी येथील मंडळीपुढे केलेला त्यांचा परीक्षेचा उपदेश पसंत पडला नाही. शंका येण्यास ह्याहून सबळ कारण कोणते हवे!

१७९३ साली ते बंगाल्यात आले. १८०१ साली त्यांचा बंगाली नवा करार छापून निघाला, आणि लागलीच कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्याविषयी बोलावणे आले. तेथे कंपनी सरकारचे तरुण अधिकारी शिकत. ज्याने कॉलेजात कधी पाऊल टाकले नाही, त्याने तेथे शिकवावे! केरीसाहेबांचे मन कचरले. पण ते भय त्यांनी मनात कोंडून ठेवले नाही. सेरामपूरचे सोबती मार्शमन व वॉर्ड ह्यांचा त्यांनी विचार घेतला, आणि कॉलेजचे चालक ब्राऊन व बुकॅनन ह्यांस भेटून आपली उणीव उघडपणे सांगितली. चौघांनीही त्यांस योग्यच ठरविले. तेव्हा स्वतःविषयीच्या स्वतःच्या मतापेक्षा जाणत्यांच्या मतास मान देऊन त्यांनी दरमहा ५०० रुपयांची ती जागा पत्करली.

पुढे संस्कृत व मराठीही त्यांजकडे आली. मराठीच्या कामी पंडित वैजनाथ ह्यांचे त्यांस मोठे साहाय्य होते. जे येत नाही ते विचारण्यात केरीसाहेबांस कमीपणा वाटत नसे. सोंग घेतलेल्या माणसास हे साधत नाही. १८०४ साली खुद्द गव्हर्नर जनरलसमोर त्यांनी संस्कृतात भाषण केले. मेजवानीत कोणी त्यांच्या जुन्या धंद्याची कुजबुज केली, तेव्हा आपण जोडे करणारेही नव्हतो, केवळ जुने जोडे सांधणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले म्हणतात.

जवळजवळ तीस वर्षे त्यांनी कॉलेजात शिकविले. शंका समूळ गेली असे मात्र दिसत नाही. १८३४ साली सेरामपूर येथे ते निवर्तले. त्यांच्याच इच्छेवरून थडग्यावर नाव, जन्ममृत्यूचे साल आणि स्वतःस दीन व असहाय म्हणविणाऱ्या एका गीताच्या दोन ओळी कोरल्या आहेत. कोशाचा किंवा व्याकरणाचा तेथे उल्लेख नाही.