तारायानाचा शिल्पकार : मॅट जेफरीज

चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या कलाविभागात राबणाऱ्या माणसांची नावे पडद्यावर क्षणभर झळकतात आणि विस्मरणात जातात. वॉल्टर मॅथ्यू जेफरीज ऊर्फ मॅट जेफरीज यांचे नाव मात्र एका अरुंद बोगद्याने अजरामर केले. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील तारायानात बिघाड झाला की अभियंता ज्या तिरक्या नळीत शिरून दुरुस्ती करतो, तिला सेटवरील सहकाऱ्यांनी गमतीने ‘जेफरीज ट्यूब’ म्हणायला सुरुवात केली. पुढे हा शब्द मालिकेच्या संवादांतच रूढ झाला. ज्या माणसाने संपूर्ण यानच घडवले, त्याचे नाव यानाच्या पोटातील एका सरपटण्याच्या वाटेला मिळावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

जेफरीज यांचा जन्म १२ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लेबनन या गावी झाला. विमाने हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी हवाई दलात होते. बॉम्बर विमानांवर त्यांनी काम केले आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना पदकेही मिळाली. युद्धानंतर हातातील कुंचला आणि डोक्यातील यंत्रज्ञान या दोहोंच्या बळावर ते हॉलिवूडमध्ये स्थिरावले. पुढे त्यांनी स्वतःचे जुने वाको विमान बाळगले. यंत्र कसे दिसते यापेक्षा ते कसे चालते, कुठे तापते, कुठे तुटते आणि तुटल्यावर माणसाचा हात तिथवर कसा पोहोचतो, याचा विचार करण्याची सवय त्यांना विमानांनीच लावली. त्यांच्या पुढील कामाचे मर्म या सवयीत आहे.

१९६४ मध्ये देसिलू स्टुडिओत जीन रॉडनबेरी यांच्या नव्या अवकाशमालिकेची जुळवाजुळव सुरू झाली. रॉडनबेरी हेही युद्धकाळातील बॉम्बर वैमानिक. त्यांना यान हवे होते ते शेकडो माणसांना घेऊन पाच वर्षांच्या मोहिमेवर जाणारे. यान कसे असावे याविषयी त्यांनी फारसे काही सांगितले नाही; कसे नसावे याची यादी मात्र दिली. मागून ज्वाळा नकोत, धूर नको, पंख नकोत, रॉकेटसारखा आकार नको. तरीही पाहताक्षणी त्याची शक्ती जाणवली पाहिजे.

जेफरीज यांनी या नकारांच्या यादीत स्वतःची भर घातली. फ्लॅश गॉर्डन आणि बक रॉजर्स यांच्या काळापासूनची अवकाशयानांची चित्रे त्यांनी गोळा केली आणि ती समोर ठेवली, ती टाळण्यासाठी. त्यानंतर कागदांमागून कागद खर्ची पडले. त्यांचा तर्क साधा होता. प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या यानाची इंजिने भयंकर शक्तिशाली असणार. मग ती माणसांच्या वस्तीपासून दूर हवीत. म्हणून दोन लांब नळकांडी मागे, उंच दांड्यांवर गेली. वस्तीसाठी त्यांनी आधी गोल चेंडूचा आकार घेतला होता. तो वेगवान वाटेना, म्हणून चेंडू दाबत दाबत त्याची बशी झाली. यानाचा पृष्ठभाग त्यांनी मुद्दाम गुळगुळीत ठेवला. अवकाशाच्या पोकळीत बाहेर लोंबकळत दुरुस्ती करणे कोणताही शहाणा अभियंता पसंत करणार नाही. म्हणून सारी यंत्रे आत, हाताशी. नंतरच्या अनेक अवकाशपटांतील यानांच्या अंगभर पाइप आणि खोकी चिकटवलेली दिसतात, त्यांच्याशी तुलना केली की या निर्णयामागचे शहाणपण कळते.

बाल्सा लाकडाची पहिली छोटी प्रतिकृती तयार झाली तेव्हा एक गंमत घडली. नळकांडी अधिक जड लाकडाची होती. दोऱ्याने टांगताच यान उलटे झाले. रॉडनबेरी यांना ते उलटेच आवडले! त्यांना सुलटे यान मान्य करायला लावण्यासाठी जेफरीज यांना बराच वाद घालावा लागला.

यानावर ठळकपणे लिहिलेला एनसीसी-१७०१ हा क्रमांकही त्यांचाच. पूर्वी अमेरिकी नागरी विमानांच्या नोंदणीत एनसी ही अक्षरे असत. त्यांना आणखी एक ‘सी’ जोडले गेले. आकडे निवडताना निकष व्यवहाराचा होता. छोट्या, धूसर पडद्यावर तीन, सहा, आठ, नऊ हे इंग्रजी आकडे एकमेकांसारखे दिसतात. एक, सात आणि शून्य दुरूनही ओळखू येतात. त्यांच्या वाको विमानाचा क्रमांक एनसी-१७७४० असल्याने यानाचा क्रमांक तिथूनच आला, अशी आख्यायिका चाहत्यांत आहे. आख्यायिका गोड आहे, पण धूसर पडद्याचे कारण अधिक जेफरीज-छाप वाटते.

यानाचा नियंत्रण कक्ष गोलाकार आखताना प्रत्येकाची बटणे बसल्या जागी हाताशी यावीत, हे त्यांनी पाहिले. कॅमेरा आत नेण्यासाठी कक्षाचे भाग केकच्या फोडींसारखे सुटे करता येत. क्लिंगॉन या शत्रूजमातीचे तीन टोकांचे बोधचिन्ह आणि त्यांची माशासारखी पसरट युद्धनौकाही जेफरीज यांच्याच कागदावरून उतरली.

चित्रीकरणासाठी रिचर्ड डॅटिन यांनी सुमारे तीन फुटांची प्रतिकृती बनवली आणि पाठोपाठ सुमारे अकरा फुटांची मोठी प्रतिकृती तयार झाली. ती २९ डिसेंबर १९६४ रोजी सुपूर्द करण्यात आली. पुढे तिच्यात दिवे बसवले गेले आणि त्यांच्या तारा डाव्या अंगाने बाहेर काढाव्या लागल्या. परिणामी मालिकेत हे यान मुख्यतः उजव्या बाजूनेच दिसते. डावी बाजू दाखवायची झाली, तर उलटी अक्षरे चिकटवून चित्रीकरण करायचे आणि नंतर फिल्म उलटवायची, ही युक्ती होती.

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात ती अपयशीच ठरली होती. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ती पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकांना याची कल्पनाही नसेल. पण याच काळात एक निराळा व्यवहार मूळ धरत होता. मिशिगनमधील एएमटी या कंपनीने १९६६ मध्येच एंटरप्राइजचा प्लॅस्टिकचा जुळणी संच बाजारात आणला. सुटे भाग, चिकटवायचे, रंगवायचे आणि टेबलावर ठेवायचे. मुलांनी तो उचलून धरला. या हक्कांच्या बदल्यात एएमटीने मालिकेला ‘गॅलिलिओ’ या छोट्या यानाचा पूर्ण आकाराचा सांगाडा बांधून दिला. खर्चाच्या विवंचनेत असलेल्या निर्मात्यांसाठी हा सौदा फायद्याचा होता. जेफरीज यांनी त्या छोट्या यानासाठी काढलेला वळणदार आराखडा मात्र त्यात बाजूला पडला. खेळण्याच्या कारखान्याने पडद्यावरील यानाचा आकार ठरवण्याचा हा प्रसंग पुढच्या व्यापाराची चाहूल देणारा होता.

मालिका संपल्यावर जेफरीज पुढच्या कामाला लागले. १९७४ मध्ये ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ सुरू झाली आणि तारायानांचा हा रचनाकार एकोणिसाव्या शतकातील लाकडी घरे आणि धुळीचे रस्ते उभारू लागला. त्याच वर्षी त्यांच्या यानाची अकरा फुटी प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे सुपूर्द झाली. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांच्या वर्षावामुळे अमेरिकेच्या पहिल्या चाचणी स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव देण्यात आले. १९७७ मध्ये नव्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी जेफरीज यांनी आपल्या यानाला नवे रूप दिले. इंजिने चपटी केली, दांड्या तिरक्या केल्या. ती मालिका झाली नाही आणि ते पुन्हा आपल्या लाकडी घरांकडे वळले. मात्र १९७९ च्या चित्रपटातील यान त्याच आराखड्यावरून इतरांनी पुढे विकसित केले.

स्टुडिओसाठी केलेल्या कामाचे हक्क स्टुडिओकडे राहतात, हा त्या व्यवसायाचा नियम. चाहत्यांच्या मेळाव्यांत मिरवण्यापेक्षा विमानांची चित्रे काढण्यात रमणारे जेफरीज त्याबाबत कधी रणशिंग फुंकताना दिसले नाहीत. आयुष्याच्या अखेरीस, २००१ मध्ये, त्यांची अनेक मूळ रेखाटने लिलावात विकली गेली आणि ती रक्कम चित्रपट व दूरचित्रवाणी कामगारांच्या साहाय्यनिधीसाठी होती. २१ जुलै २००३ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यानाचा व्यापार खरा बहरला तो त्यानंतर. २०१३ मध्ये ईगलमॉस या ब्रिटिश प्रकाशन कंपनीने स्टार ट्रेकमधील तारायानांची अधिकृत अंकमालिका बाजारात आणली. दर पंधरवड्याला एक मासिकवजा अंक आणि सोबत धातू व प्लॅस्टिकचे, तळहातावर मावेल असे एक रंगवलेले यान. पहिला अंक स्वस्तात द्यायचा, ग्राहकाला गोडी लावायची आणि मग वर्गणीदार करून घ्यायचे, ही अशा अंकमालिकांची जुनी रीत. संग्राहकाचे मन ही मंडळी अचूक ओळखतात. दहा याने जमली की अकरावे नसणे सलू लागते; शंभर जमली की थांबणे म्हणजे आधीचा खर्च वाया घालवणे वाटते. नियमित अंकांची संख्या पाहता पाहता दीडशेच्या पुढे गेली. जेफरीज यांचे मूळ यान मात्र पहिले आले नाही. तो मान १९८७ च्या मालिकेतील एंटरप्राइज-डी या यानाला मिळाला. मूळ एंटरप्राइजसाठी वर्गणीदारांना पन्नासाव्या अंकापर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, वाट पाहावी लागली.

या संग्रहात एक खोट होती, जी जेफरीज यांना नक्कीच खटकली असती. फळीवर सर्व याने साधारण सारख्या आकाराची दिसावीत म्हणून प्रत्येकाचे प्रमाण वेगळे ठेवले होते. मूठभर माणसांचे यान आणि हजार माणसांचे यान शेजारी शेजारी जवळपास एकाच लांबीचे! आपले यान किती मोठे आहे ते कळावे म्हणून जेफरीज यांनी ते अमेरिकी नौदलाच्या ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेशेजारी, एकाच प्रमाणात रेखाटून दाखवले होते.

२०२२ मध्ये ईगलमॉस आर्थिक संकटात सापडली आणि प्रशासकांच्या हाती गेली. वर्गणीची साखळी अचानक तुटली. वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने जमवलेले संग्रह अर्धवट राहिले. ज्या छंदाचा सारा आधार पुढच्या पाकिटाच्या विश्वासावर होता, त्यात हा धक्का पैशांपेक्षा मोठा होता. पुढे शिल्लक मालाचा मोठा साठा मास्टर रेप्लिकाज या कंपनीने घेऊन विक्रीस काढला.

मूळ प्रतिकृतींचे प्राक्तनही सरळ नव्हते. अकरा फुटी यान काही वर्षे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तळमजल्याखालच्या भेटवस्तूंच्या दुकानात होते. १९९१ च्या डागडुजीत त्याच्या गुळगुळीत अंगावर ठळक रेषा आणि डागांचे रंगकाम चढले. जाणकारांनी त्याबद्दल दीर्घकाळ नापसंती व्यक्त केली. २०१४ ते २०१६ दरम्यान तज्ज्ञांनी ते रंग उतरवून यानाला १९६७ मधील रूप परत दिले. बशीच्या वरच्या भागावरचा मूळ रंग तेवढा कधीच पुसला गेला नव्हता. तो तसाच जपण्यात आला. जुलै २०१६ पासून ते लिंडबर्ग यांच्या विमानासह उड्डाणाचे मैलाचे दगड मांडलेल्या मुख्य दालनात आले. तीन फुटी प्रतिकृती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुणाला तरी पाहण्यासाठी दिली गेली आणि गायबच झाली. २०२३ मध्ये ती एका ऑनलाइन लिलावाच्या यादीत अकस्मात दिसली. तज्ज्ञांनी तिची ओळख पटवली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती रॉडनबेरी यांच्या मुलाच्या हाती परत आली.