खर्च हिंदुस्थानचा, संमती लंडनची

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात पुण्याचा एक प्राध्यापक अंदाजपत्रकावर बोलण्यास उभा राहिला. तिजोरीत शिल्लक पडत असल्याबद्दल सरकार समाधानात होते. ही शिल्लक देशाच्या समृद्धीची खूण नसून जनतेवर गरजेपेक्षा अधिक कर लादल्याची खूण आहे, असे या नव्या सभासदाने आकडेवारीनिशी मांडले. त्याच्या टीकेचा मोठा रोख लष्करी खर्चावर होता. गोपाळ कृष्ण गोखले हे नाव त्या दिवसापासून देशभर झाले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणारा हा पुढारी अशा काटकसरीत वाढला होता. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याजवळ त्यांनी अर्थशास्त्राचे व सार्वजनिक कार्याचे धडे गिरवले. आकडेवारीच्या कामात रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य त्यांना लाभले.

गोखले ज्या प्रश्नाशी झुंजले, त्याचे मूळ १८५८ च्या कायद्यात होते. कंपनीचे राज्य संपवून ब्रिटिश पार्लमेंटने जो कायदा केला, त्याच्या ५५ व्या कलमात एक महत्त्वाचे बंधन होते. प्रत्यक्ष आक्रमण परतविणे किंवा तशीच अचानक उद्भवलेली निकड वगळता, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील लष्करी मोहिमांचा खर्च पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून हिंदुस्थानच्या महसुलातून करता येणार नव्हता. कागदावर हे संरक्षण भक्कम दिसे. मात्र पैसा हिंदुस्थानचा आणि संमती देणारे सभागृह लंडनचे, असा हा प्रकार होता. त्या सभागृहाला निवडून देण्याचा अधिकार येथील करदात्याला नव्हता.

परिणाम व्हायचा तोच झाला. १८६७-६८ च्या अबिसिनियाच्या मोहिमेत हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने भरला. १८७८-८० च्या अफगाण युद्धासाठी ब्रिटनने ५० लाख पौंड दिले, पण त्याहून कितीतरी मोठा बोजा येथील तिजोरीवर पडला. १८८२ मध्ये हिंदी पलटणी इजिप्तला गेल्या. १८९६ मध्ये सुदानच्या किनाऱ्यावरील सुआकीन येथे त्या पाठविल्या गेल्या, तेव्हा खुद्द हिंदुस्थान सरकारने या खर्चाला हरकत घेतली. तरीही पार्लमेंटने तो हिंदुस्थानच्या माथी मारलाच.

दादाभाई नौरोजींच्या पाठपुराव्यामुळे १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारे रॉयल कमिशन नेमले गेले. १८९७ मध्ये त्यापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. वय अवघे तीस वर्षांचे. खर्चावर खुद्द करदात्यांचे नियंत्रण नसणे, हे या व्यवस्थेचे मूळ दुखणे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. याच प्रवासात त्यांनी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांवर केलेले आरोप पुराव्याअभावी मागे घ्यावे लागले व माफी मागावी लागली. ही मानहानी त्यांनी मुकाट्याने सोसली.

लष्करी खर्चाचा हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. उत्तरेतून येऊन भिवंडीत हातमागावर बसलेला विणकर असो की कोकणातले कूळ, प्रत्येकजण मिठावर कर भरत होता. १८८८ पासून हा कर मणामागे अडीच रुपये होता. तो कमी करावा, ही मागणी गोखल्यांनी कायदेमंडळात लावून धरली. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. वाचलेला पैसा प्राथमिक शिक्षणाकडे व आरोग्याकडे वळावा, असा त्यांचा आग्रह होता.

१९०३ च्या अखेरीस कर्झन यांनी तिबेटमध्ये फौज धाडली. पार्लमेंटची संमती घेण्यात आली ती एप्रिल १९०४ मध्ये, म्हणजे फौज तिबेटात शिरून रक्तपात घडल्यानंतर. या स्वारीचा भार हिंदुस्थानवर टाकण्यास गोखल्यांनी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावरील भाषणात हरकत घेतली. मात्र त्यांच्या हाती भाषणापलीकडे काही नव्हते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मतदान करता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा हक्क दिला, पण लष्करी खर्च आणि परराष्ट्र संबंध त्याच्या कक्षेबाहेरच ठेवले.

१९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. ते साम्राज्याचे शत्रू नव्हते. त्यांच्या सौम्य मार्गावर टिळकपक्षाने कठोर टीका केली आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येत नाही, कारण सरकार ऐकून घेई आणि आपल्याच मनाचे करी. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा हिंदी सैन्य फ्रान्सच्या खंदकांत पोहोचले. त्याच्या नेहमीच्या खर्चाला पार्लमेंटने जुन्या कलमाप्रमाणेच संमती दिली. कायदेमंडळानेही सप्टेंबरमध्ये आर्थिक भार उचलण्याची तयारी दर्शविणारा ठराव केला, परंतु नकार देण्याचा अधिकार त्याला नव्हताच. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखल्यांचे पुण्यात निधन झाले.

स्वतंत्र भारतात संरक्षण खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे मतास येतात. गोखल्यांना हवा असलेला हक्क त्यांच्या पश्चात मिळाला. परदेशी फौज पाठविण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे स्पष्ट कलम मात्र राज्यघटनेत नाही. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली ती सरकारच्या निर्णयाने. २००३ च्या एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरील हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला आणि जुलैमध्ये सरकारने तेथे सैन्य न पाठविण्याचे ठरविले. तो निर्णयही सरकारचाच होता, पण लोकप्रतिनिधींचे मत त्यापूर्वी नोंदले गेले होते. ज्याच्या पैशाने आणि ज्याच्या मुलांच्या जिवावर लढाई होते, त्याला आधी विचारले जावे, हा गोखल्यांचा हिशेब म्हणूनच अद्याप पुरता मिटलेला नाही.