गोव्यांतील वलंदेज चिटणीस

राजुरास गोड म्हटलें कीं पेढा. येथील पेढ्याची कीर्ति अकोले तालुक्याबाहेरही दूर पसरलेली असल्यामुळें, दिवाळी असो वा नाताळ, पाहुण्यांपुढें पेढ्याची पुडी ठेविली म्हणजे यजमानाचें कर्तव्य संपलें, असें आम्ही समजत होतों. गेल्या नाताळांत हा क्रम मोडला. एका वलंदेज कुटुंबांत आजीपासून नातीपर्यंत चालत आलेली बिस्किटांची कृति एका स्नेह्यांकडून आमच्या हातीं आली, आणि ती करून पाहण्याचा बेत घरांत ठरला. बिस्किटांचें नांव स्पेकुलास. संत निकोलस यांच्या सणाच्या आदल्या रात्रीं, म्हणजे ५ डिसेंबरला, हॉलंडांतील मुलें आपले जोडे मांडून ठेवितात व खाऊची वाट पाहतात. त्या सणाचा हा खाऊ होय.

कृतींत कणीक, लोणी व तांबूस साखर यांच्यापुढें दालचिनी, लवंग, जायफळ, वेलदोडा, सुंठ व पांढरें मिरें अशी यादी होती. ती ऐकून घरांतील मंडळींस हसूं आलें, कारण ही सारी सामग्री आमच्या फडताळांत होती. परंतु हॉलंडच्या थंड व पाणथळ भूमींत यांपैकीं एकही जिन्नस पिकत नाहीं. मग तो तेथील आजीबाईंच्या डब्यांत पोहोंचला कसा? मसाले पूर्वींही व्हेनिस व लिस्बन येथून त्या देशांत जात. परंतु ते ज्या समुद्रमार्गानें येत, तो वलंदेजांना ठाऊक नव्हता. तो त्यांना दाखविणारा मनुष्य आमच्या शेजारीं, गोव्यांत, पांच वर्षें कारकुनी करून गेला होता.

यान ह्यूगेन व्हान लिन्स्खोटेन याचा जन्म सन १५६३ च्या सुमारास हार्लेम शहरीं झाला. तो लहान असतांनाच त्याचें कुटुंब एन्कहॉयझेन या बंदरांत राहावयास गेलें. ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर रोज गलबतें येतात व जातात, त्याचा पाय घरांत ठरणें कठीण. सोळा-सतरा वर्षांचा होण्याच्या आगेंमागें तो घर सोडून स्पेनमध्यें भावाकडे गेला, तेथील भाषा शिकला व पुढें लिस्बनला आला. तेथें व्यापारांत मंदी होती. पण भावाच्या ओळखीनें त्यास गोव्याचे नवे आर्चबिशप फोन्सेका यांच्या पदरीं चिटणीसाची जागा मिळाली. सन १५८३ च्या एप्रिलांत निघालेलें त्याचें जहाज आफ्रिकेस वळसा घालून सप्टेंबरांत गोव्यास लागलें. तेव्हां त्याचें वय अवघें वीस वर्षांचें होतें.

गोव्यांत त्यानें काय केलें? त्यानें लिहिलें. आंबा, फणस व नारळ यांचीं वर्णनें लिहिलीं. बाजारांतील माल, लोकांचे पोषाख, फिरंगी अधिकाऱ्यांचा डामडौल व त्यांच्या कारभारास लागलेली कीड, हेंही सर्व टिपून ठेविलें. मिरीं कोठून येतात, लवंग व जायफळ कोणत्या बेटांवर होतें, याची माहिती तो खलाशांकडून व व्यापाऱ्यांकडून काढून घेई. तीं बेटें त्यानें स्वतः कधींच पाहिलीं नाहींत, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शिवाय फिरंग्यांनीं परकीयांपासून जपून ठेविलेल्या सागरी मार्गांच्या सूचनाही त्यानें मिळविल्या.

येथें आम्हांला थोडें थांबावेंसें वाटतें. ज्या धन्यानें विश्वासानें दौत-लेखणी हातीं दिली, त्याच्या मिठाला हा तरुण जागला काय? एकीकडे, स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा तेव्हां एकच असून तो लिन्स्खोटेनच्या मायभूमीशीं लढत होता. दुसरीकडे, तिच्या शत्रूची चाकरी याने आपखुशीनें पत्करली होती. त्यास सर्वस्वीं निर्दोष म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं.

आर्चबिशप युरोपच्या प्रवासांत सन १५८७ मध्यें वारले, व सन १५८९ च्या आरंभीं लिन्स्खोटेननें हिंदुस्थानांतून परतीची वाट धरली. वाटेंत आझोर बेटांपाशीं मलाक्केहून आलेलें एक जहाज मालासह बुडालें; तो माल काढण्याच्या कामीं तो दोन वर्षांहून अधिक काळ तेथेंच अडकला. शेवटीं सन १५९२ मध्यें तो घरीं पोहोंचला. पुढें उत्तरेच्या बर्फांतून पूर्वेकडे वाट सांपडते कीं काय, हें पाहण्यास तो सन १५९४ व १५९५ मध्यें दोनदां गेला. दुसऱ्या वेळीं बर्फानें वाट अडविली.

त्याची समुद्रमार्गांची पोथी सन १५९५ मध्यें व मुख्य प्रवासवर्णन सन १५९६ मध्यें ॲम्स्टरडॅमला छापून निघालें. गांवांतील विद्वान वैद्य पालुडानस यांनीं त्यास टिपणें जोडलीं. फिरंग्यांचा पहारा असलेली मलाक्केची सामुद्रधुनी टाळून सुंदेच्या सामुद्रधुनीनें जावें, असा त्याचा सल्ला होता. सन १५९५ मध्यें निघालेलीं हाउटमनचीं चार गलबतें त्याच वाटेनें जावा बेटाच्या बांतम बंदरीं पोहोंचलीं. खलाशांपैकीं निम्म्याहून अधिक परत आले नाहींत, पण वाट खुली झाली. सन १६०२ मध्यें वलंदेजांची मोठी कंपनी स्थापन झाली व तिच्या सहा शाखांपैकीं एक एन्कहॉयझेनला होती. सन १६३७ मध्यें तिनें आपल्या कोंकणांत वेंगुर्ल्यास वखार घातली. तिच्या इमारतीचे भग्नावशेष तेथें आहेत.

लिन्स्खोटेन गांवचा खजिनदार होऊन ८ फेब्रुवारी १६११ रोजीं निवर्तला. त्यानंतर दहा वर्षांनीं, जें बांदा बेट त्या काळीं जायफळाचें जगांतील एकमेव माहेर होतें, त्यावर कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून यानें मक्त्यासाठीं स्वारी केली. हजारों रहिवासी मारले गेले, उपाशी मेले किंवा गुलाम करून नेले गेले. त्याचा दोष चिटणीसाच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. तरीपण वाट त्याच्याच पुस्तकानें दाखविली होती, हें लपवितां येत नाहीं.

आमच्या बिस्किटांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. पीठ रात्रभर मुरत ठेविलें. वलंदेजांचे कोरीव लांकडी सांचे आमच्याजवळ नसल्यामुळें शंकरपाळ्यांच्या कातण्यानें काम भागविलें. भट्टीही नव्हती, पातेल्यांत वाळू तापवून वर ताटली ठेविली व झांकणावर निखारे घातले. पहिली खेप खालून करपली. दुसरी साधली, आणि जायफळाचा वास अंगणापर्यंत गेला. ती कृति आतां आमच्या घरच्या वहींत मराठींत उतरली आहे. फक्त तांबूस साखरेच्या जागीं गूळ लिहिला आहे.