काका बाप्टिस्टा : माथारपाकाडीचा नगरसेवक

निवडणुका जवळ आल्या की आपल्या धर्मग्रामांत एक वाक्य हमखास ऐकू येते : राजकारण आपल्यासारख्यांचे काम नव्हे. हे ऐकले म्हणजे आम्हांला माझगावच्या एका कॅथलिक बॅरिस्टरची आठवण होते. मुंबईत त्यांच्या नावाचे उद्यान आहे, इतकेच बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा यांच्या चरित्राची थोडी ओळख येथे करून देत आहोत.

काकांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी माझगावच्या माथारपाकाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे, ईस्ट इंडियन समाजातले. सेंट मेरीज शाळा, मग पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि त्यानंतर थेट केंब्रिज, असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. तेथे त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला व 1899 साली ते बॅरिस्टर झाले. आयर्लंडमधील कॅथलिक जनता त्या काळी होमरूलसाठी, म्हणजे आपल्या घरचा कारभार आपल्या हाती यावा म्हणून झगडत होती. इंग्लंडमधील वास्तव्यात तो लढा काकांनी जवळून पाहिला. पुढील आयुष्याची शिदोरी त्यांना तेथेच मिळाली, असे आमचे मत आहे.

ते परतले तेव्हा मुंबई प्लेगने पोळलेली होती. 1896 साली मांडवी भागात सुरू झालेली साथ वर्षानुवर्षे हटत नव्हती. अरुंद चाळी, तुंबलेली गटारे, अपुरे पाणी आणि दर हिवाळ्यात वाढणारे मृत्यू असे ते शहर होते. गावठाणांतून आजही दिसणारे प्लेगचे क्रूस त्या दिवसांची साक्ष देतात. नव्या बॅरिस्टरपुढे उच्च न्यायालयातील वकिलीचा प्रशस्त मार्ग मोकळा होता. काकांनी वकिली केलीच, पण 1901 साली ते मुंबई महापालिकेचे सभासदही झाले व पुढे सुमारे सतरा वर्षे तेथे राहिले.

ही सतरा वर्षे चरित्रकार एका ओळीत उरकतात. आम्हांला मात्र तीच मोलाची वाटतात. 1888 च्या कायद्यानुसार महापालिकेत 72 सभासद असत. त्यांपैकी करदात्यांनी निवडलेले अवघे 36. उरलेल्यांत 16 जणांना सरकार नेमी, 16 जणांना जस्टिस ऑफ द पीस निवडत आणि बाकीचे चार विद्यापीठाचे फेलो व व्यापारी मंडळ यांचे असत. चाळीतल्या भाडेकरूला, गिरणीतल्या कामगाराला मत नव्हतेच. दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मताचा अधिकार मिळाला तो 1922 साली. म्हणजे ज्यांच्या दारातली मोरी तुंबत असे, त्यांचा सभागृहात आवाज नव्हता. अशा सभागृहात नळ, रस्ते, शाळा व दवाखाने यांच्या खर्चाचा हिशेब तपासत सतरा वर्षे बसणे हे टाळ्या मिळवून देणारे काम नव्हे. ज्यांनी ग्रामसभेत एकाच गटाराचा प्रश्न सलग तीनदा मांडला आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही.

काकांचा दुसरा निर्णय त्याहून धाडसाचा होता, आणि त्यात जोखीमही होती. आपल्या समाजाने 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव मुद्दाम धारण केले होते. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपण निराळे आहोत, आपण कंपनी सरकारच्या काळापासूनचे इमानी प्रजाजन आहोत, हे त्यातून सुचवायचे होते. सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांवर अनेकांच्या चुली पेटत. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. अशा समाजातला हा सुशिक्षित पुरुष लोकमान्य टिळकांच्या गोटात जाऊन बसला. टिळकांच्या न्यायालयीन लढ्यांत तो सल्ल्याला राहिला. सावरकरांवरील खटल्यात तो बचाव पक्षाच्या वकिलांमध्ये उभा राहिला. सरकारकडे मान वर करून पाहणाऱ्या घरांमध्ये हे कसे पाहिले गेले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

एप्रिल 1916 मध्ये बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद काकांकडे आले व न. चिं. केळकर चिटणीस झाले. चित्पावन ब्राह्मण नेत्याच्या संघटनेचा अध्यक्ष माझगावचा कॅथलिक, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. 1917 साली मजूर पक्षाचा पाठिंबा मिळवण्यासाठी काका इंग्लंडला गेले. स्वराज्याविषयीच्या टिळकांच्या सुप्रसिद्ध घोषणेचे शब्द मूळचे काकांचे, असेही काही जण मानतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. त्याविना काकांचे काही उणे होत नाही.

कामगारांशी त्यांचे नाते याच काळात घट्ट झाले. गिरणी कामगार व टपाल खात्यातील पोस्टमन यांच्या संघटनांना त्यांनी आपला कायद्याचा अभ्यास व वेळ दिला. 1920 साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष झाले व काका उपाध्यक्ष. दुसरे अधिवेशन 1921 साली कोळसाखाणींच्या झरिया गावी भरले, त्याचे अध्यक्ष स्वतः काकाच होते. 1924 मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते बसले. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक 1891 सालचे. काकांनी ते किती वाचले होते यापेक्षा त्यातील विषय त्यांनी प्रत्यक्ष हाताळला, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

सगळेच त्यांच्या मनासारखे झाले नाही. जानेवारी 1920 मध्ये नव्या दैनिकाचे संपादकत्व स्वीकारावे म्हणून त्यांनी केलेली विनंती अरविंद घोष यांनी पाँडिचेरीहून नाकारली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले. गांधीजींच्या असहकाराची लाट आली आणि टिळकांचे अनेक जुने सहकारी मागे पडले. कायदेमंडळे व पालिका यांच्यावर बहिष्कार न टाकता आत राहून भांडावे, अशी त्यांची धारणा होती. ती बरोबर होती की नाही, याविषयी आजही दोन मते होतील.

काका मात्र महापालिकेकडे परतले. 1925-26 या वर्षासाठी ते तिचे प्रमुख झाले. त्यांचा उल्लेख सर्वत्र महापौर असा होतो. काटेकोरपणे पाहता तेव्हा त्या पदाला अध्यक्ष म्हणत, महापौर ही संज्ञा 1931 पासून आली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माथारपाकाडीचा हा मुलगा त्या सभागृहाच्या मुख्य आसनावर बसला. एव्हाना खाली बसलेल्या सभासदांमध्ये भाडेकरूंनी निवडून दिलेले लोकही होते.

1930 च्या सप्टेंबरात काका निवर्तले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या टेकडीवर, भंडारवाडा जलाशयाच्या माथ्यावर, त्यांच्या नावाचे उद्यान आहे. तेथून गोदीतली जहाजे दिसतात, आणि पायाखाली दक्षिण मुंबईच्या घरांना पुरवण्याचे पाणी साठवलेले असते.